आधी ताडपत्री, मग टेक्नॉलॉजी

७ फेब्रुवारी २०२२ ला माझ्या टेबलावर एक पत्र आलं. पालिकेच्या घनकचऱ्यापासून ऊर्जानिर्मितीसाठी योग्य तंत्रज्ञान निवडायचं, त्यासाठी समिती नेमलेली, आणि सदस्य-सचिव मी. मुदत ९० दिवस. मी तोवर रस्ते विभागात होते. खडी, डांबर, गटारांचे उतार यांतलं मला कळत होतं. कचऱ्याशी संबंध एवढाच, की खोदकामाच्या वाटेत तो आला की मी वैतागायचे.

९० दिवसांचे १५ महिने झाले. मागच्या आठवड्यात दुसऱ्या पालिकेतल्या एका ओळखीच्या अभियंत्याचा फोन आला, त्यालाही अगदी असंच पत्र मिळालंय. त्याला फोनवर सांगता सांगता तास गेला, म्हणून म्हटलं, लिहूनच काढू.

पहिले तीन आठवडे मी फक्त ब्रोशर वाचली. सादरीकरणं एकूण अकरा झाली. प्रत्येकात तेच चित्र: डावीकडे कचऱ्याची गाडी, मध्ये एक चकचकीत डबा, उजवीकडे पेटलेला दिवा. डब्यावरचं नाव तेवढं बदलायचं. भस्मीकरण (थेट जाळणं), गॅसिफिकेशन (कमी हवेत तापवून गॅस करणं), पायरोलिसिस (हवेशिवाय तापवणं), प्लाझ्मा (विजेच्या झोताने प्रचंड तापवणं), बायोमिथेनेशन (जिवाणूंकडून कुजवून गॅस करणं), आरडीएफ (सुक्या कचऱ्याचं इंधन). मी एक मोठा तक्ता केला: किती जागा, टनाला किती वीज, किती राख, किती खर्च. पंधरा दिवसांत भरलासुद्धा. रंगीत प्रिंट काढून अध्यक्ष साहेबांना दिला तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं. साहेबांनी तो वरून खाली वाचला आणि विचारलं, "यात आपला कचरा कुठाय?"

नव्हता. सगळे रकाने कंपन्यांच्या आकड्यांनी भरले होते, आणि प्रत्येक कंपनीने आपल्या यंत्राला सोसेल असा कचरा गृहीत धरला होता.

मग रोज किती कचरा येतो, इथून सुरुवात केली. कागदावर आकडा होता रोज १८० टन. तो कुठून आला ते शोधायला गेले तर कळलं, गाड्यांच्या फेऱ्या गुणिले गाडीची क्षमता. अर्धी भरलेली गाडीही पूर्ण धरलेली. वजनकाटा होता, पण तो आठ महिने बंद. तो दुरुस्त करून, प्रमाणित करून घ्यायला २३ दिवस गेले. त्यानंतर सलग दोन आठवडे, रविवार धरून, प्रत्येक गाडी येताना भरलेली आणि जाताना रिकामी, अशी दोनदा वजन केली. सरासरी निघाली १४२ टन. ३८ टन कचरा फक्त कागदावर होता! हा आकडा मी समितीपुढे ठेवला तेव्हा कुणालाच आनंद झाला नाही. प्रकल्प जेवढा मोठा, तेवढी त्याची बातमी मोठी, हे मला तेव्हा कळायला लागलं.

तुमच्याकडे वजनकाटा नसेल तर बाकी काही करू नका, आधी तो बसवा. आणि काट्यावर बसणाऱ्या माणसाशी नीट ओळख करून घ्या. कुठली गाडी ओला माल आणते, कुठल्या गाडीत बांधकामाचा राडारोडा दडवलेला असतो, हे त्याला तोंडपाठ असतं.

याच सुमारास नमुने. या खर्चाला हिशेबात हेडच नव्हतं. लेखा विभागाचा शेरा आला, "कचरा मोजण्यासाठी स्वतंत्र निधीचे प्रयोजन काय?" फाइल २६ दिवस फिरली आणि शेवटी 'सर्वेक्षण' या हेडखाली बसली. तीन हंगामांच्या तीन फेऱ्यांचा सगळा खर्च सल्लागाराच्या फीच्या आठव्या भागाएवढाही झाला नाही. तरी मंजुरीला फीपेक्षा जास्त वेळ लागला. तुम्ही पहिल्याच बैठकीत हा विषय मंजूर करून घ्या. उत्साह असतो तोवर सह्या पटकन होतात.

नमुना घेतात कसा, हे मला सफाई विभागातल्या मुकादमांनी शिकवलं. सकाळी सहाला डेपोवर मोठी ताडपत्री अंथरायची. गाडी रिकामी करायची. फावड्याने सगळा माल उलटसुलट करून गोल ढीग घालायचा, वरून दाबून चपटा करायचा, आणि फावड्याच्या पात्याने अधिक चिन्हासारख्या दोन रेघा मारून चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे, पुन्हा चार भाग. साधारण १०० किलो उरेपर्यंत हेच. मग ते १०० किलो हाताने वेगळं करायचं: अन्न, पाला, कागद, प्लास्टिक, चिंध्या, काच, धातू, माती. आम्ही बारा बादल्या ठेवल्या होत्या. मातीची बादली सगळ्यात आधी भरली, हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. रस्ते झाडलेली धूळ आणि गटारातला गाळ, सगळं त्याच गाडीत. म्हणजे माझ्याच जुन्या विभागाची देणगी.

पहिल्या दिवशी मला मळमळलं. दुसऱ्या दिवशी हातमोज्यातून काच लागली. तिसऱ्या दिवसापासून जाड मोजे, गमबूट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन हे सगळ्यांना सक्तीचं केलं. खरं तर ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

आता माझी चूक सांगते, कारण ती अजून कुणीतरी करणार आहे. मार्चच्या नमुन्यांचा प्रयोगशाळेचा अहवाल एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आला. उष्मांक, म्हणजे जळताना मिळणारी उष्णता, किलोला १५.५ मेगाज्यूल. मी पाठ्यपुस्तक काढून पाहिलं. लाकडाच्या जवळ जाणारा आकडा! त्याच दिवशी टिपणी लिहिली की आपला कचरा जाळण्यास उत्तम आहे. बैठकीत ती वाचूनही दाखवली. भस्मीकरणवाल्या दोन कंपन्यांचे लगेच फोन सुरू झाले.

आठ दिवसांनी बिलाच्या सहीसाठी प्रयोगशाळेत गेले तर तिथले वयस्कर तंत्रज्ञ म्हणाले, "ताई, तुम्ही तो आकडा तसाच वापरला नाही ना? तो वाळवलेल्या मालाचा आहे."

अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: कोरड्या आधारावर, ढोबळ उष्मांक. नमुना आधी १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत भट्टीत सुकवतात आणि मग मोजतात. पण प्रकल्पाच्या भट्टीत काही सुकवलेला कचरा जाणार नाही, तिथे गाडीतून पडेल तसा जाईल. मार्चच्या नमुन्यात ४६ टक्के पाणी होतं. म्हणजे एक किलो कचऱ्यात जळण्यासारखं आणि राख मिळून ५४० ग्रॅमच. शिवाय त्या पाण्याची वाफ करायला किलोमागे सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते, ती त्याच कचऱ्यातून जाते. कचऱ्यातल्या हायड्रोजनचंही जळताना पाणीच होतं, त्याची वजाबाकी वेगळी. तंत्रज्ञांनी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडून दाखवलं. १५.५ चे उरले ६.५.

घरी जाऊन त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या बैठकीत माझी चूक दुरुस्त करणारी टिपणी वाचताना माझा आवाज कापत होता. कुणी ओरडलं नाही, पण एका सदस्याने "मग आता नक्की कुठला आकडा धरायचा?" असं विचारलं. त्याचं उत्तर होतं, पावसाळा येऊन जाईपर्यंत कुठलाच नाही. अध्यक्षांनी मुदतवाढीच्या पत्रावर तिथेच सही केली, त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत.

जुलैत दुसरी फेरी झाली. ताडपत्री उचलली की खालून काळं पाणी वाहायचं. ओलावा ५८ टक्के, हाती येणारा उष्मांक ४.५. नोव्हेंबरात ५२ टक्के आणि ५.५. जागतिक बँकेने १९९९ मध्ये भस्मीकरणाबद्दल एक मार्गदर्शिका काढली होती. तिच्यात सरळ लिहिलंय की हा निव्वळ उष्मांक कुठल्याही हंगामात ६ मेगाज्यूलच्या खाली जाता कामा नये आणि वर्षाची सरासरी ७ च्या वर हवी. आम्ही दोन हंगामांत नापास, सरासरीतही नापास. याहून झटपट पाहायचं तर टॅनरचा त्रिकोण नावाचा आलेख आहे: ओलावा ५० टक्क्यांच्या आत, राख ६० च्या आत, जळणारा भाग २५ च्या वर, तरच आग बाहेरचं इंधन न घेता स्वतःच्या जोरावर टिकते. जुलैत आमचा बिंदू त्रिकोणाच्या त्या पट्ट्याबाहेर पडला होता.

यावर एका कंपनीचं उत्तर तयार होतं, "पावसाळ्यात थोडं डिझेल वापरू." दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर रोज ३०० टनांचा भस्मीकरण प्रकल्प उभा राहिला होता. तिथे आलेल्या कचऱ्याचा उष्मांक आराखड्यात धरलेल्याच्या बराच खाली निघाला आणि तो थोड्याच काळात बंद पडला. यंत्र बिघडलं नव्हतं. ज्या कचऱ्यासाठी ते बनवलं होतं, तो कचरा त्या शहरात नव्हता. हे मी टिपणीत घातलं आणि डिझेलचा विषय तिथे संपला.

याचा अर्थ जाळणं वाईट असा नाही. व्हिएन्नाच्या श्पिटेलाऊमध्ये भर शहरात भस्मीकरण प्रकल्प आहे, कोपनहेगनच्या प्रकल्पाच्या छपरावर तर लोक स्कीइंग करतात. पण तिथली उष्णता नळांतून घरं गरम करायला जाते, म्हणून जाळलेल्या कचऱ्यातला मोठा भाग कामी येतो. नुसती वीज करायची तर उष्णतेचा साधारण चौथा हिस्साच हाती लागतो. उष्णतेला गिऱ्हाईक आहे का, हा प्रश्न आमच्या तक्त्यात कुठे नव्हताच.

उरलेल्या तंत्रांपैकी पायरोलिसिस आणि गॅसिफिकेशन यांवर फार लिहीत नाही. दोन्हींना एकसारखा, सुका, बारीक केलेला माल लागतो. मिश्र कचरा घातला की डांबरासारखा टार साचतो. जपानात अशा भट्ट्या वर्षानुवर्षं चालल्या आहेत हे खरं, पण तिथे कचरा किती वेगवेगळा करून येतो आणि ते खर्च किती करतात, हेही त्याच दमात सांगायला हवं. प्लाझ्मावाल्यांची फिल्म सगळ्यात सुंदर होती. संपल्यावर मी एकच विचारलं: या आकाराचा, मिश्र कचऱ्यावरचा तुमचा प्रकल्प मागच्या वर्षी किती तास चालला? वर्षात ८,७६० तास असतात, चांगला भस्मीकरण प्रकल्प ७,५०० ते ८,००० तास चालतो. खोलीत शांतता पसरली. मग "लवकरच सुरू होणाऱ्या" प्रकल्पांची यादी आली. इंग्लंडमध्ये टीस व्हॅलीत प्लाझ्मा गॅसिफिकेशनचे दोन प्रचंड प्रकल्प २०१६ मध्ये अर्धवट सोडावे लागले. पैसा किंवा हुशारी कमी पडली असं तिथेही कुणी म्हणणार नाही. चालू तासांचा हा प्रश्न मी पुढे सगळ्यांनाच विचारला आणि अकरापैकी सात नावं तेवढ्यावर गळली. एक खबरदारी घ्या: उत्तर लेखी मागा, आणि सोबत लॉगबुकची प्रत.

ऑगस्टमध्ये आम्ही दोन बायोमिथेनेशन प्रकल्प बघायला गेलो. पहिल्या ठिकाणी व्यवस्थापकांनी आम्हाला फुलबागेतून नेलं. मी चहाच्या वेळी सटकून मागच्या बाजूला गेले. तिथे एक कामगार श्रेडरच्या, म्हणजे कचऱ्याचे तुकडे करणाऱ्या यंत्राच्या, शाफ्टला घट्ट पीळ बसलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या चाकूने कापत होता. "रोज दोन तास हेच," तो म्हणाला. "मशीन कचऱ्यासाठी, मी पिशव्यांसाठी." शेडच्या मागे नाकारलेल्या मालाचा, म्हणजे रिजेक्टचा ढीग माझ्यापेक्षा उंच होता. आत येणाऱ्या मालाच्या जवळपास तिसरा हिस्सा तिथेच पडत होता. हा ढीग कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतो. प्रकल्प बघायला जाल तेव्हा आधी मागच्या दाराने जा.

दुसरा प्रकल्प लहान होता, ओला कचरा वेगळा गोळा होऊन यायचा. तिथल्या ऑपरेटर बाईंनी मला त्यांची वही दाखवली. रोजचा पीएच, तापमान, किती माल घातला, किती गॅस आला. एका पानावर पीएच ७.२ वरून ६.३ ला घसरला होता आणि पुढची तीन पानं लाल शाईने भरली होती. "लग्नसराईत एकदम दुप्पट माल घातला साहेबांनी. डायजेस्टर आंबट झाला." डायजेस्टर म्हणजे ओला कचरा कुजवून गॅस करणारी बंद टाकी. 'आंबट' हा शब्द त्या अगदी पोट बिघडल्यासारखा वापरत होत्या, आणि ते खोटंही नाही. आम्ल करणारे जिवाणू भराभर वाढतात, मिथेन करणारे सावकाश. माल एकदम वाढवला की आम्ल साचतं आणि मिथेनवाले गारठतात. त्यांनी भरणा थांबवला, शेणाची स्लरी घातली आणि तीन आठवडे वाट पाहिली. तीन आठवडे तो ओला कचरा कुठे गेला, हे मी विचारलं. डेपोवर. म्हणून आमच्या निविदेत एका मोठ्या डायजेस्टरऐवजी दोन लहान घातले. खर्च वाढला, पण एक आजारी पडला तर दुसरा चालेल.

परतीच्या प्रवासातच माझं मत बनलं होतं. १४२ टनांसाठी एक यंत्र शोधणं हाच मुळात चुकीचा प्रश्न होता. ओल्याला पाणी असलेलं पोट हवं आणि सुक्याला आग, आणि दोघांची फारकत गाडीत चढण्याआधी व्हायला हवी. बाजार, खानावळी आणि मोठ्या वसाहती यांच्याकडून वेगळा ओला कचरा रोज ४० टन खात्रीने मिळेल, असं तीन महिने गाड्या फिरवून ठरवलं. चांगल्या वेगळ्या केलेल्या अन्नकचऱ्यातून टनाला साधारण १०० घनमीटर बायोगॅस येतो, आणि घनमीटरला जेमतेम २ युनिट वीज. म्हणजे दिवसाला ८,००० युनिट, त्यातून प्रकल्पाचा स्वतःचा वापर वजा. हा आकडा समितीत सांगितला तेव्हा एक सदस्य म्हणाले, "बस, एवढीच?" एवढीच. विजेसाठी हा प्रकल्प करत असाल तर करू नका. कचरा मार्गी लावायला करत असाल तर वीज हा वरकड फायदा आहे.

करारांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण खरी भीती मला तिथे वाटली. एका मसुद्यात २५ वर्षं रोज किमान १७० टन देण्याची हमी होती. कमी पडला तर फरकाची टिपिंग फी, म्हणजे कचरा घेण्याचं टनामागचं शुल्क, पालिकेने भरायची. आमच्याकडे होता १४२. म्हणजे पहिल्या दिवसापासून दंड, आणि लोकांनी कचरा कमी केला किंवा वेगळा करून विकला तर दंड आणखी जास्त. मी तो मसुदा तीनदा वाचला, कारण असं कुणी लिहील यावर विश्वास बसत नव्हता. दुसऱ्या मसुद्यात राखेचा उल्लेखच नव्हता. जाळलेल्या कचऱ्याच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा तळाची राख म्हणून उरतो. धूर गाळताना मिळणारी बारीक राख थोडीच असते, पण ती घातक कचऱ्यात मोडते आणि तिला वेगळी सुरक्षित भरावभूमी लागते. ती जबाबदारी कुणाची, हे वाक्य सापडत नसेल तर ती तुमची आहे असं समजा.

जाहीर सुनावणी १२ जानेवारी २०२३ ला होती, ३० दिवस आधी नोटीस देऊन. मी सगळी उत्तरं पाठ करून गेले होते: भट्टीतला धूर ८५० अंशांवर निदान २ सेकंद, धुरातल्या विषारी डायऑक्सिनची युरोपातली मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम, वगैरे. यातलं काहीच कुणी विचारलं नाही. डेपोजवळ राहणाऱ्या एका आजींनी विचारलं, "बाई, वास येणार का, तेवढं सांग." मी म्हटलं, ओला माल २४ तासांत आत गेला नाही तर येणार. त्या म्हणाल्या, "मग ते लिहून दे." आम्ही खरंच लिहिलं. निविदेतल्या दंडाच्या तक्त्यातली ती पहिली ओळ आहे.

पुढचं भराभर झालं. निविदापूर्व बैठकीत ६४ शंका आल्या, त्यांची लेखी उत्तरं द्यायला १९ दिवस गेले. एकदा मुदतवाढ, एकदा फेरनिविदा, कारण पहिल्यांदा पात्र बोली एकच. गुणांकनात चालू प्रकल्पाच्या तासांना सगळ्यात जास्त वजन ठेवलं होतं, त्यावर तक्रार झाली आणि ती फेटाळलीही गेली. ९ मे २०२३ ला २० टनांच्या दोन डायजेस्टरांची वर्क ऑर्डर निघाली. सुक्या कचऱ्यासाठी वेगळी भट्टी घातली नाही. तो वेगळा करून, तुकडे करून सिमेंट भट्टीला इंधन म्हणून द्यायचा तीन वर्षांचा करार केला. माल २० टक्क्यांहून ओला चालणार नाही, अशी त्यांची अट.

मधला मिश्र माल अजूनही डेपोवर जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. तो कमी होण्याचा वेग घरोघरच्या दोन डब्यांवर आहे आणि ते काम माझ्या समितीच्या कक्षेत नव्हतं. सुक्या मालाच्या पहिल्या आठवड्यात सिमेंट कारखान्याने दोन गाड्या परत पाठवल्या, ओलावा २८ टक्के. रात्री पाऊस झाला होता आणि गठ्ठे उघड्यावर होते. शेडचं अंदाजपत्रक लेखा विभागात गेलंय, आज सतरावा दिवस.